कोरं की नुसतं धुतलेलं?
वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. मी ऑकलंडला असतो, मूळ सांगलीचा. माझ्याकडे १९८९ची माझदा आरएक्स-७ आहे, इंजिन १३बी टर्बो. कॉम्प्रेशन गेलंय, त्यामुळे इंजिन उघडायचंच आहे. इथे एकजण दोन रोटर हाऊसिंग विकतोय, म्हणतो की कधीच वापरलेले नाहीत, खोक्यातून काढले, प्रोजेक्ट बारगळला आणि दहा वर्षं शेडमध्ये पडून आहेत. खोकं आता नाही. फोटोत आतला क्रोम अगदी आरशासारखा चमकतोय. भाव वापरलेल्याच्या तिप्पट सांगतोय. माणूस चार तासांवर राहतो. जाऊन बघावं का, आणि बघायचं तर नेमकं काय बघायचं?

उत्तर : तुमच्या पत्रात एकच शब्द मला खटकला, तो म्हणजे आरशासारखा. विकणारा तीच गोष्ट कौतुकाने दाखवतोय आणि मला नेमकी तिथेच शंका येतेय. कारण कोऱ्या हाऊसिंगचा क्रोम आरशासारखा नसतो, तो सगळीकडे एकसारखा आणि जरा मंद असतो, नवीन स्टीलच्या डब्याला आतून असतो ना तसा. आरसा होतो तो घासून घासून, आणि घासतं कोण तर एपेक्स सील.

ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ह्या इंजिनात पिस्टन नाही, फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो तो रोटर, तो कंबरेत किंचित दाबलेल्या अंडाकृती डब्यात फिरतो, तो डबा म्हणजे रोटर हाऊसिंग, आणि त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या ज्या डब्याच्या भिंतीला कायम चिकटून फिरतात त्या एपेक्स सील. आता हिशोब करा. शाफ्ट तीन वेळा फिरला की रोटर एकदा फिरतो, आणि रोटरवर सील तीन, म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला भिंतीच्या प्रत्येक जागेवरून एक सील घासून जातं. इंजिन नुसतं ८०० आरपीएमवर दहा मिनिटं चालू ठेवलं तरी ८,००० घासे झाले. त्यामुळे 'फक्त एकदा स्टार्ट करून बघितलं होतं' हे वाक्य कानावर आलं की समजायचं, पार्ट कोरा नाही. वाईट असेल असं नाही, पण कोरा नाही, आणि तिप्पट भाव कोऱ्याचा आहे.

आता मुद्द्याचं. लोक जाऊन क्रोमकडे बघत बसतात. क्रोम बघायचाच, पण शेवटी. कारण क्रोम ही अशी जागा आहे जी विकणाऱ्याला पण माहितीये की तुम्ही बघणार, तिथे त्याने फडका मारलेलाच असतो. तुम्ही तिथे बघा जिथे पुसायचा त्याला कंटाळा आला असेल किंवा हातच पोचत नसेल.

सगळ्यात पहिलं पाण्याचे मार्ग. हाऊसिंगच्या कडेने आरपार भोकं असतात, त्यातून कूलंट फिरतं. अॅल्युमिनियमला एकदा कूलंट लागलं की त्याचा रंग बदलतो, डाग पडतात, क्षार बसतात, कुठे हिरवट कुठे तपकिरी, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला जो थर चढतो तसलाच प्रकार. धुणारे केमिकलमध्ये बुडवतात, बाहेरून छान होतं पण त्या भोकांच्या आतल्या कोपऱ्यात काहीतरी राहतंच. टॉर्च न्या, आणि एक तार, तारेला कापसाचा बोळा गुंडाळून आत फिरवा. मी हे शिकलो ते पैसे घालवून. मेलबर्नला असताना मी पण असेच दोन 'कोरे' हाऊसिंग घेतले होते, घरी आणून सहज बोळा फिरवला तर बाहेर आला तो पोपटी होऊन. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे स्टोरेजमध्ये काहीतरी सांडलं असेल. हो, कूलंट सांडलं, इंजिनात, पाच-सात वर्षं. त्यातला एक पुढे बसवला, चांगला चालला, दुसरा अजून आमच्याकडे छत्र्या ठेवायला आहे.

दुसरी जागा एक्झॉस्ट पोर्ट. तुमच्या १३बीत धूर बाहेर पडायचं भोक ह्याच हाऊसिंगमध्ये असतं आणि त्याच्या आत एक वेगळी धातूची बाही बसवलेली असते. रोटरीची गंमत ही की प्रत्येक काम ठरलेल्या जागीच होतं, पिस्टनच्या इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये थंड हवा पण येते आणि स्फोट पण होतो, इथे मात्र प्लगची बाजू आणि एक्झॉस्टची बाजू जन्मभर तापलेली आणि हवा येते ती बाजू जन्मभर गार. म्हणून वापराच्या खुणा ह्या गरम बाजूलाच गोळा होतात. बाही आणि अॅल्युमिनियम ह्यांच्यामधल्या फटीत काजळी जाऊन बसते, ती कोणाच्या बापाला पूर्ण काढता येत नाही. बाहीचा रंग पण बघा, तापलेल्या स्टीलवर निळसर-सोनेरी छटा येते. कोऱ्या पार्टमध्ये ही बाही अगदी एकरंगी असते.

तिसरं, आटे. दोन प्लगची भोकं आहेत, त्यातलं मागून पेटणाऱ्या म्हणजे ट्रेलिंग प्लगचं भोक आतल्या बाजूला मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, त्या बारीक भोकाच्या काठाला काजळीचं कडं दिसतंय का बघा. प्लग एकदा जरी आवळला असेल तरी बाहेरच्या बाजूला वॉशरची गोल खूण उठते. तसंच खालून ऑइल पॅनचे बोल्ट लागतात त्या आट्यांत तेल आणि जुन्या सिलिकॉनचा रबरासारखा बारीक तुकडा सापडतो का. टूथपिक न्या, फार कामाची वस्तू.

चौथं, दोन्ही सपाट बाजू. इथे मशिनिंगच्या बारीक रेघा कंपनीतून आलेल्या असतात, त्या दिसल्या पाहिजेत. बीड ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक मण्यांचा मारा करून साफ केलेला पार्ट असेल तर ह्या रेघा पुसल्या जातात आणि सगळीकडे एकच भुरकट पांढरेपणा येतो, बाहेरून नवा वाटतो, पण ही सपाट बाजू पाणी आणि कॉम्प्रेशन अडवण्यासाठी आहे, तिच्यावर ब्लास्टिंग मारणारा माणूस बाकी काय काय करून बसला असेल देव जाणे. आणि हो, तुमच्या गाडीच्या सालाच्या हाऊसिंगच्या ह्या बाजू सपाट असायला हव्यात. १९८५पर्यंतच्या १३बीत पाण्याच्या रबरी सीलची खाच हाऊसिंगमध्ये होती, १९८६पासून ती साइड प्लेटमध्ये, म्हणजे हाऊसिंगला बाजूने झाकणासारख्या लागतात त्या प्लेटमध्ये गेली. म्हणजे खाच दिसली तर पार्ट कोरा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही, परत फिरा. सपाट असेल तर त्यावर रबरी सीलचा ठसा शोधा, तिरप्या उजेडात धरा, इंजिन एकदा जोडून आवळलेलं असेल तर तो ठसा दिसतो.

हे सगळं झाल्यावर मग क्रोमकडे या. ह्या क्रोमची पण एक कहाणी आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. साठच्या दशकात हिरोशिमाच्या ह्या कंपनीने, तेव्हा नाव टोयो कोग्यो, जर्मनीच्या एनएसयूकडून फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचं लायसन घेतलं आणि केनिची यामामोटोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअर कामाला लावले. सुरुवातीच्या इंजिनांत सील थरथरायचं आणि क्रोमवर आडव्या लाटा उठायच्या, त्याला ते लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. शेवटी कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील वापरून तो प्रश्न सुटला आणि १९६७ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे सील बदलली, क्रोम पण बदलला, त्याच्यात मुद्दाम अतिबारीक छिद्रं ठेवायला लागले म्हणजे तेल धरून राहील. तुमच्या कामाचं हेच आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या, सोनाराकडे असतं तसं, कोऱ्यात ही बारीक टिंबं पूर्ण रुंदीभर सारखी दिसतात, वापरलेल्यात ती झिजून मधे मधे गुळगुळीत आणि कडेला वेगळी अशी दिसतात. नख घेऊन दोन्ही काठांवरून फिरवा, खास करून प्लगच्या बाजूला. तिथेच क्रोमचे टवके आधी उडतात. प्लगच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर असेल तर ती पण तापून तापून पडलेली, कोऱ्यात असूच शकत नाही.

आणि अजून एक खूण. क्रोमवर आडव्या तीन रेघा, गंजाच्या किंवा काळपट, साधारण त्रिकोणाच्या टोकांएवढ्या अंतरावर. हा बंद पडलेल्या इंजिनाचा सही-शिक्का आहे, तीन सील वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिली की हे होतं. विकणारा म्हणेल शेडमधला दमटपणा. दमटपणाने गंज येतो, कबूल, पण तो तीनच रेघांत आणि रुळाने आखल्यासारखा येत नाही.

मापाचं थोडक्यात सांगतो. रुंदी ८० मिमी, मायक्रोमीटरने प्लगपाशी आणि आजूबाजूला तीन-चार जागी घ्या, दुरुस्तीच्या पुस्तकात फरकाची मर्यादा ०.०६ मिमी आहे. पण लक्षात घ्या, माप बरोबर आलं म्हणजे पार्ट चांगला आहे एवढंच कळतं, कोरा आहे हे कळत नाही. चांगला वापरलेला पार्ट पण मापात बसतो.

जायच्या आधी फोटो मागवा. पाण्याच्या भोकात टॉर्च मारून, एक्झॉस्ट पोर्टच्या आत, प्लगची भोकं दोन्ही बाजूंनी, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. खरं कोरं असेल तर माणूस पाच मिनिटांत पाठवतो. 'येऊनच बघा ना' म्हणाला तर चार तासांचं पेट्रोल वाचलं. फोटो आले आणि सगळं स्वच्छ असलं तर जरूर जा. आणि जाऊन वापरलेलं निघालं पण काठ शाबूत, माप बरोबर, चीर नाही, तर भांडत बसू नका, वापरलेल्याच्या भावात मागा. दहा वर्षं शेडमध्ये राहून अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढलेला कोरा पार्ट आणि दोन वर्षं नीट चाललेला स्वच्छ पार्ट, ह्यात मी डोळे मिटून दुसरा घेईन.

प्रश्न : काका, आम्ही शारजाला राहतो. नवऱ्याची आरएक्स-८ आहे पण नाद मला जास्त आहे. इथल्या जुन्या पार्टच्या बाजारात एकाकडे साइड प्लेट मिळतायत, तो म्हणतो 'झिरो किलोमीटर', आणि खरंच इकडून तिकडून एकसारख्या चकचकीत आहेत, कुठेही खूण नाही. हाऊसिंगसारखंच बघायचं का ह्यात पण?

उत्तर : ताई, खूण नाही हीच खूण आहे. साइड प्लेट बिडाची असते, रोटर तिच्यावर बाजूने घासतो, आणि रोटरच्या बाजूच्या सीलचा फिरण्याचा मार्ग ठरलेला असतो. म्हणजे वापरलेल्या प्लेटवर घासलेला भाग आणि न घासलेला भाग असे दोन रंग दिसतात आणि त्यांच्यामधल्या वळणदार रेषेवर नखाला बारीक पायरी लागते. कोऱ्या प्लेटवर ही रेषा नसते पण ती चकचकीत पण नसते, राखाडी आणि एकसारखी असते. मग एकसारखी आणि चकचकीत कोणती? तर वापरून पायरी पडलेली, आणि नंतर मशीनवर लॅप मारून सपाट केलेली. कल्हई केलेलं पातेलं कसं, नव्यासारखं दिसतं पण काठावरचा जुना पोचा तसाच असतो.

लॅप मारणं हा गुन्हा नाही, चांगले लोक करतात आणि इंजिनं चालतात. पण ह्या प्लेटच्या वरच्या थराला नायट्रायडिंग करून कडक केलेलं असतं, लॅप मारताना तो थर कमी होतो किंवा जातोच, म्हणून ती कोऱ्याच्या भावात घ्यायची नाही. जुन्या १३बीच्या पुस्तकात घासणाऱ्या भागाच्या झिजेची मर्यादा ०.१० मिमी दिली आहे, म्हणजे बघा किती कमी जागा आहे खेळायला.

आणि तुमच्या गाडीचं वेगळं काय, तर आरएक्स-८च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट हाऊसिंगमधून उचलून साइड प्लेटमध्ये टाकला. म्हणजे वर मी काजळीचं जे सांगितलं ते तुमच्याकडे प्लेटमध्येच बघायचं. मधली प्लेट सगळ्यात आधी उचला, कारण तिच्यात दोन्ही रोटरचा धूर एकाच वाटेने बाहेर जातो, ती सर्वात जास्त तापते. त्या पोर्टमध्ये बोट घालून फिरवा, लॅप मारणारे सपाट बाजू घासतात, पोर्टच्या आत कोणी जात नाही. बोट काळं झालं की 'झिरो किलोमीटर'मधला झिरो कुठे गेला ते त्यालाच विचारा. तसंच डॉवेल पिनची, म्हणजे भाग एकमेकांवर नेमके बसवणाऱ्या खुंट्यांची भोकं बघा, पिन ठोकून बसवल्याची आणि उपसल्याची खरवड तिथे राहते.

बाजारात कोणी तुमच्या नवऱ्याशीच बोलायला लागला तर बोलू द्या, तोवर तुम्ही टॉर्च मारून बघून घ्या.

प्रश्न : २ मिमीचे एपेक्स सील, पाकीट फोडलेलं पण वापरलेले नाहीत असं सांगून कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तर घ्यावेत का? — ब्रिस्बेनहून

उत्तर : नाही.

बरं, कारण सांगतो. नवीन सीलची उंची ८.० मिमी, ६.५च्या खाली गेलं की फेकायचं, हे माप व्हर्नियरने घरी घेता येतं आणि त्यावरून घासलेलं सील लगेच कळतं. पण कोणीतरी इंजिनात बसवून, हाताने चार फेरे मारून परत काढलेलं सील मापावरून कळणार नाही, आणि काढताना ते टोकाला जरा दबलं किंवा केसाएवढी चीर गेली तर ते चालू इंजिनात तुटतं. सील तुटलं की तो तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडायच्या आधी रोटर आणि हाऊसिंग दोन्ही खरवडतो, टर्बो असेल तर पुढे जाऊन टर्बोची पाती पण. तुम्ही सीलवर वाचवलेले पैसे म्हणजे हाऊसिंगचे पैसे. स्प्रिंगचं पण तेच, ती एकदा दबून बसली की तिचा ताण गेला, दिसायला मात्र नवीच. रोटरीत जुनं काय घ्यायचं आणि काय नाही ह्याची माझी वाटणी साधी आहे, जे मापून कळतं ते जुनं चालेल, जे मापून कळत नाही ते सीलबंद पाकिटातलंच.

प्रश्न : सर मी पुण्याला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला रोटरीचा फार नाद आहे पण गाडी कुठून येणार. नुसता एक रोटर मागवून टेबलावर ठेवायचा आहे. भाऊ जपानला असतो, त्याला एक अनयूज्ड रोटर दिसलाय पण महाग आहे. घ्यावा का?

उत्तर : अरे बाळा, टेबलावर ठेवायला कोरा कशाला! आपल्याकडे माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, त्या गावात तुझ्या टेबलावर कोरा आहे की वापरलेला हे ओळखणार कोण? वापरलेला घे, ज्याच्या सीलच्या खाचा झिजल्यात, जो इंजिनाला नालायक आहे असा, स्वस्तात मिळेल. उलट तुला शिकायला तोच चांगला. फुगीर बाजूवर खोलगट वाटी असते तिच्यात किटण बसलेलं दिसेल, ते कुठे जाड कुठे पातळ आहे बघ, जाळ कुठे पेटतो ते त्याच्यावरून कळतं. आतल्या दात्यांचं चाक मोज, १३बीत ५१ दाते असतात, आणि ते ज्याच्याभोवती फिरतं त्या स्थिर गिअरला ३४, म्हणजे ३ला २. वर मी तीन फेऱ्यांचं जे सांगितलं ते ह्या दोन आकड्यांतून काढून दाखव, नाही जमलं तर परत लिही.

मधल्या बेअरिंगकडे पण बघ. कोऱ्यात त्याचा रंग सगळीकडे मंद राखाडी असतो, वापरलेल्यात वरचा मऊ थर घासून खालचा तांब्याचा रंग डोकावतो. भावाला फोटोत हेच बघायला सांग. ज्याला 'अनयूज्ड' म्हणतायत त्याच्यात तांबं दिसलं तर त्या दुकानाला रामराम कर.

फक्त भावाला सांग की विमानाने आणताना वजन धरून चाल, एकटा रोटर चार किलोच्या वर जातो. आणि नंतर हौस वाढून भिंतीवर टांगायचा विचार आलाच तर खिळा ठोकू नकोस, अँकर बोल्ट मार.